मोटर दोन दिवसांनी मिळेल

मिस्त्रींच्या दुकानाच्या दारावर एक पत्र्याची पाटी होती. निळ्या ऑइलपेंटनं त्यांनी स्वतःच रंगवलेली, ओळ शेवटी शेवटी खाली घसरलेली: 'मोटर दोन दिवसांनी मिळेल. भांडू नये.' तुळजापुरातून नळदुर्गकडं जाणाऱ्या रस्त्याला ते दुकान होतं आणि त्या पाटीखाली कुणी ना कुणी भांडत उभं असायचंच. मी भांडलो त्या दिवशी मंगळवार होता, माझ्या लॉजच्या बावीस खोल्यांत पाण्याचा थेंब नव्हता आणि सोलापूरहून आलेल्या दोन बसभर भक्तांनी माझ्या नावानं शिमगा चालवला होता.

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मी एका जागी बसत नाही. आई म्हणायची, ह्याच्या पायाला भिंगरी बांधूनच देवानं पाठवलंय. हे एवढं लिहीपर्यंत मी दोनदा खाली जाऊन आलोय, एकदा बेल वाजली म्हणून आणि एकदा बराच वेळ वाजली नाही म्हणून. लॉजच्या धंद्यात हा गुण म्हणून खपतो. अडतिसाव्या वर्षी सोलापूरच्या डॉक्टरांनी माझा रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि मशीन बिघडलंय का बघायला स्वतःचाही मोजला. त्यांचा बरोबर निघाला. गोळ्या सुरू झाल्या, त्याही मी जिना चढता चढता घ्यायचो.

तर मिस्त्रींनी माझी मोटर उघडली, आतली काळी पडलेली तार बोटानं चाचपली आणि 'ऑटो लावलाय का' एवढंच विचारलं. लावला होता. आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही, म्हणून लोक स्टार्टरला ऑटो बसवतात. लाईट आली की मोटर आपोआप सुरू, माणूस असो नसो. विहिरीत किंवा हौदात पाणी आहे का, हे मात्र ऑटोला कळत नाही. पाणी नसलं तरी ती फिरत राहते, तापते आणि जळते. सगळ्या तालुक्यात हीच चूक, आणि ह्या एका चुकीवर मिस्त्रींचं दुकान चाललं होतं. तरी येईल त्याला ते सांगायचे की ऑटो काढा. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि नवी मोटर बसवताना ऑटोही नवा बसवायचं.

मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत द्या. ते म्हणाले, तार आज रात्रीत भरतो, पण तिच्यावर वार्निश लावावं लागतं आणि ते दोन दिवस उन्हात वाळावं लागतं. ओल्या वार्निशवर लोड दिला की मोटर महिन्यात परत येते. बाकीचे मिस्त्री त्याच दिवशी देतात, असं मी सुनावलं. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मोटरीवरची नजर काढून माझ्याकडं बघितलं. साठीच्या आसपासचे, काटकुळे, खिशाला टेस्टर लावलेला, बोटं तांब्याच्या तारेनं चिरलेली. त्यांनी माझं मनगट धरलं, हात खांद्यापर्यंत वर उचलला आणि सोडून दिला. हात तिथंच राहिला, हवेत.

"म्या कुठं वर धरा म्हणलो?" ते म्हणाले. "मालक, तुमाला बी ऑटो लावलाय कुनीतरी."

भांडायला आलेल्या माणसाचा हात असा हवेत लटकला की भांडण पुढं नेता येत नाही. मी दोन दिवस टँकर मागवले.

तिसऱ्या दिवशी मोटर बसवायला ते स्वतः आले. टाकी बघायला गच्चीवर गेले आणि लवकर खाली येईनात. मी वर गेलो तर ते गच्चीच्या मधोमध उभे राहून बालाघाटाच्या डोंगराकडं बघत होते. म्हणाले, पडायला जागा लई चांगली हाय. मला वाटलं, कठडा नसलेल्या बाजूबद्दल बोलताहेत. ते आडवं पडण्याबद्दल बोलत होते. असा आमच्या लॉजच्या गच्चीवर पहाटे साडेपाचचा योगवर्ग सुरू झाला. मिस्त्रींनी त्याला कधी योगवर्ग म्हटलं नाही. ते 'पडायला या' म्हणायचे.

हे सगळं त्यांना शिकवलं कुणी, ते पक्कं कळलं नाही. त्यांचं गाव जळकोटच्या बाजूचं, घरात आईची भाषा कानडी. सीमेपलीकडच्या कुठल्याशा मठात तरुणपणी वर्षभर मोटर-पंपाचं काम करताना एका म्हाताऱ्या स्वामींकडून शिकलो, असं एकदा म्हणाले होते. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाले, मोटरीनंच शिकवलं. त्यांना कुणी गुरुजी म्हटलेलं चालायचं नाही. मिस्त्रीच म्हणायचं.

वर्गाची रीत अशी. एक सूर्यनमस्कार, की तेवढाच वेळ पडून राहायचं. एक भुजंगासन, की पालथं होऊन मकरासनात गाल हातावर ठेवायचा. मग गुडघ्यांवर बसून कपाळ जमिनीला टेकायचं आणि तसंच राहायचं, कोण उठवतंय याची वाट न बघता. आणि शेवटी शवासन, तासातली वीस मिनिटं, कधी पंचवीस. आडवं झालं की मिस्त्री अनवाणी, चवड्यांवर आमच्यामधून फिरायचे आणि हलक्या आवाजात पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करायचे. अंगठा सोडा, घोटा सोडा, पोटरी सोडा. गुडघ्याच्या वर आले की त्यांची आपोआप कानडी सुरू व्हायची. बिड्री, म्हणायचे. बिड्री म्हणजे सोडा. मांडी बिड्री, कंबर बिड्री, दात बिड्री. दात धरून ठेवलेत हे त्यांनी सांगेपर्यंत मला ठाऊकच नसायचं.

ज्यांना पोट कमी करायचं होतं ती चार पोरं आठवड्याभरात गेली. जाताना एकानं विचारलं की मिस्त्री, ह्यात घाम कुठं आहे. मिस्त्री म्हणाले, घाम पायजे तर खडी फोडा. राहिलो आम्ही सहा जण. दोन शिक्षक, एका पुजाऱ्याच्या घरची सून, माझी बायको, आणि मंदिराच्या वाटेवर कवड्यांच्या माळा विकणारी एक आजी. आजीला भुजंगासन जमायचं नाही, सूर्यनमस्कार तर ती लांबूनच सूर्याला करायची. पण 'पडा' म्हटलं की मिनिटभरात तिचा जबडा सैल व्हायचा. मिस्त्री तिचा हात उचलून सोडायचे, तो धपकन सतरंजीवर पडायचा आणि मिस्त्रींचा चेहरा उजळायचा. वर्गातली सगळ्यात हुशार विद्यार्थिनी ती. मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

कारण माझ्यापाशी आले की मिस्त्रींचे पाय थांबायचे. माझे डोळे मिटलेले असायचे, पण आत सात नंबरचा गिझर, परटाकडच्या चादरी, साडेसहाची सोलापूर बस असं सगळं चालू. ते हात उचलायचे, सोडायचे. हात हवेत. 'ऑटोवर हाय,' असं पुटपुटून ते पुढं जायचे. एकदा मी लबाडी केली, त्यांनी सोडल्याबरोबर हात मुद्दाम पाडला. ते म्हणाले, पडला न्हाय, ठेवलात. त्यानंतर मी लबाडी केली नाही.

मला ते कधी रागावले नाहीत. फक्त कोड्यात पडल्यासारखे बघायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं. ताण देणं कुणालाही येतं, बैलालासुद्धा येतं. केलेलं काम अंगात मुरायला मात्र पडून राहावं लागतं, वार्निशसारखं. तो वेळ कापला की केलेलं सगळं फुकट. हेच ते शेतकऱ्यांनाही सांगायचे आणि शिव्या खायचे. एका बागाईतदारानं तर दुकानासमोर जीप आडवी लावून मोटर आजच्या आज पाहिजे म्हणून तमाशा केला होता. मिस्त्रींनी मोटर उन्हात होती तिथून थोडी सरकवली, कारण जीपची सावली पडत होती.

देवीचा दाखला त्यांच्या तोंडी ठरलेला. आमच्या तुळजापूरची देवी वर्षातून तीनदा सिंहासनावरून उतरून पलंगावर झोपते, हे सगळ्यांना माहीत आहे. एकदा नवरात्राच्या आधी, एकदा दसरा झाल्यावर आणि एकदा पौषात. मंचकी निद्रा म्हणतात तिला. आम्ही जन्मापासून बघतोय आणि आम्हाला त्यात विचार करण्यासारखं कधी काही वाटलं नव्हतं. नवरात्राआधीची निद्रा म्हणजे आम्हा लॉजवाल्यांना रंगरंगोटी, टाक्या धुणं, फोनवर फोन. देवी झोपते आणि गाव धावतं. मिस्त्री त्या दिवसांत शवासन अर्ध्या तासावर नेऊन ठेवायचे.

"राक्षस मारायच्या आदी ती झोपती," मी उठू बघत होतो, तर मला धरून ते म्हणाले, "आन् मारल्यावर बी झोपती. तुमाला तर नुसत्या बावीस खोल्या हायत."

त्यांची कीर्ती पसरली ती मात्र भलत्याच कारणानं. एका वर्षी धाराशिवला योगदिनाचा मोठा कार्यक्रम होता. नेहमीचे योगशिक्षक आजारी पडले आणि कुणीतरी मिस्त्रींचं नाव सुचवलं. मी गाडीनं त्यांना घेऊन गेलो. मैदानावर हजारभर माणसं, पांढऱ्या कपड्यांतली शाळकरी मुलं, कर्मचारी, समोर मंचावर साहेबलोक. पाऊण तास मिळाला होता. मिस्त्रींनी दहा मिनिटं हात वर-खाली करायला लावले आणि मग माइकवर म्हणाले, पडा. सूत्रसंचालक बाईंना वाटलं, एखादं आसन असेल. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मिस्त्री माइकवर अंगठ्यापासून सुरुवात करून कंबरेपर्यंत पोचले होते आणि हजार माणसांना बिड्री म्हणत होते. बाई मंचाच्या कडेला येऊन घड्याळ दाखवत होत्या. मिस्त्रींनी त्यांनाही खुणेनं पडायला सांगितलं. पंधराव्या मिनिटाला मंचावरचे एक साहेब घोरायला लागले, आणि कॉलरला अडकवलेला माइक चालू असल्यामुळं ते घोरणं साऱ्या मैदानाला ऐकू गेलं. मुलं हसायला लागली, पण साहेब उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मैदानभर पांढऱ्या कपड्यांतली माणसं निपचित पडलेली. लातूरहून माझ्या मोठ्या बहिणीचा फोन आला, तिकडं काय विषबाधा झाली काय म्हणून. मिस्त्रींना पुन्हा कुणी बोलावलं नाही. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. परतीच्या वाटेवर कुठंसं चहाला थांबलो, तेव्हा उभ्यानं चहा पिता पिता म्हणाले की एक मानूस खरा झोपला, येवढं काय कमी हाय.

उभ्यानं. हे मी आता लिहितोय, पण तेव्हा लक्षात आलं नव्हतं. मिस्त्री चहा उभ्यानं प्यायचे. दुकानात त्यांच्या बुडाखाली पाठ नसलेलं स्टूल असायचं. मागच्या खोलीत ते एकटे राहायचे, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लातूरला दिलेली. त्या खोलीत मी कधी खाट बघितली नाही. आणि गच्चीवर इतकी वर्षं आम्हाला आडवं पाडलं, पण स्वतः कधी पडले नाहीत. माझ्या बायकोनं एकदा विचारलंही की मिस्त्री, तुम्ही कधी करता शवासन. ते म्हणाले, गाडीतले समदेच झोपले तर गाडी कोन हाकनार. आम्ही हसलो. मास्तर फळ्यावर लिहितो, वहीत लिहीत नाही, तसंच ते.

मग भाद्रपद संपता संपता, देवी पलंगावर गेली त्याच आठवड्यात, मिस्त्रींच्या छातीत कळ आली. स्वतःच रिक्षा थांबवून दवाखान्यात गेले. तिथून त्यांना धाराशिवच्या एका इस्पितळात हलवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला त्यांच्या मुलीचा फोन आला. मी शिडीवर चढून रंगाऱ्याला त्यानं न रंगवलेला कोपरा दाखवत होतो. ती रडवेली झाली होती. डॉक्टर म्हणत होते, तीन दिवस अजिबात हलायचं नाही, उठून बसायचंही नाही, हृदयाला विसावा मिळाला तरच धोका टळेल. आणि मिस्त्री होते की सकाळपासून तीनदा उठले होते. दोनदा छातीवरच्या वायरी काढल्या, एकदा पंखा बंद करायला गेले. रात्रभर डोळा लागला नव्हता. तिला घरून डबा घेऊन येणाऱ्या नवऱ्याला आणायला स्टँडवर जायचं होतं आणि त्यांना एकटं सोडायची हिंमत होत नव्हती.

"तुमी त्येंच्याकडं शिकता ना," ती म्हणाली. "तुमीच त्यांना पडून ऱ्हायला सांगा."

म्हणजे बघा. अख्ख्या तुळजापुरात जो एक माणूस धड पाच मिनिटं पडू शकत नाही, त्याच्यावर ही पाळी आली. मी शिडीवरून उतरलो तो थेट गाडीत बसलो.

मिस्त्री कोपरांवर टेकून अर्धे उठलेले होते आणि वर बघत होते. मला बघून म्हणाले, मालक, त्या पंख्याचं बेअरिंग गेलंय, ऐकू येतंय का. मी त्यांना खांद्याला धरून आडवं केलं. मुलगी गेली. मी स्टूल ओढलं, फोन बंद करून खिशात टाकला, आणि दुसरं काही सुचेना म्हणून त्यांच्याच आवाजात सुरुवात केली. उजव्या पायाचा अंगठा सोडा. घोटा सोडा. त्यांनी माझ्याकडं बघितलं, हसले आणि शहाण्या मुलासारखे डोळे मिटले. मी कंबर, पोट, खांदे, दात असं सगळं केलं. मग त्यांचा हात उचलला, वायर नसलेला, आणि सोडला.

हात हवेत राहिला.

मी त्या हाताकडं बघतच राहिलो. त्यांनीही डोळे उघडून तो बघितला. मग स्वतःच खाली ठेवला.

"मला येत न्हाय, मालक," ते म्हणाले. "कदीच आलं न्हाय."

आणि मग त्यांनी ते सांगितलं, छताकडं बघत, मोडक्या पंख्याच्या आवाजात. ते सतरा-अठरा वर्षांचे होते. उन्हाळा होता, विहिरीत पाणी थोडं होतं, आणि वडिलांनी त्यांना मोटरीपाशी बसवलं होतं. पाणी तळाला गेलं की मोटर बंद करायची, एवढंच काम. चिंचेखाली पडले आणि डोळा लागला. आयुष्यातली सगळ्यात गाढ झोप होती ती, असं म्हणाले. जाग आली ती जळक्या वासानं. तेव्हा गावात दुसरी मोटर नव्हती. सोलापूरहून तार भरून आणेपर्यंत तीन आठवडे गेले, आणि उभा ऊस वाळला. वडील एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मिस्त्री वडलांच्याच बरोबर मोटर घेऊन सोलापूरला गेले, तिथं त्या कारागिराचं काम बघत बसले आणि तिथंच तो धंदा शिकले. तेव्हापासून डोळा लागायला आला की कानात मोटर सुरू होते. रात्रीतून तास-दोन तास डुलकी, तीही बसल्या बसल्या.

मला राग आला. कुणावर ते कळेना. मी म्हटलं, मिस्त्री, मग आम्हाला इतकी वर्षं काय शिकवलंत. ते म्हणाले, मला काय पायजे ते मला चांगलं ठावं हाय ना, म्हणून तर शिकवता येतं. तो म्हातारीचा हात धपकन पडतो तवा माझ्याच अंगाला बरं वाटतं.

मी पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली. आता घाई केली नाही. एकेका बोटापाशी थांबलो. मांडीपर्यंत आलो आणि मग माझ्याही तोंडून बिड्री यायला लागलं, मला कानडीचा गंध नसताना. मधे एकदा उठून पंखा बंद केला, उकडलं तर उकडू दे म्हणून. मोटर कुणीतरी बघतंय, असंही मी मधे म्हणालो, का ते सांगता येणार नाही. मोटरीपाशी मी बसलोय, तुम्ही पडा. अर्धा तास झाला असेल. मी माझ्या आयुष्यात इतका वेळ एका स्टुलावर बसलो नव्हतो.

मग मी त्यांचा हात उचलला. जड होता. सोडला. तो धपकन गादीवर पडला, बोटं अर्धवट उघडी.

मला आनंद झाला, इतका की बाजूच्या पेशंटच्या बायकोला सांगावंसं वाटलं. तो आनंद चार-पाच श्वास टिकला असेल. मग मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. जबडा सुटलेला. कपाळावरची आठी गेलेली. असा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता, आणि मिस्त्रींना आयुष्यात झोप येत नाही हे त्यांनीच आत्ता सांगितलं होतं. मला वाटलं, गेले. उशाशी मशीन होतं, त्यावर हिरवी रेघ शांतपणे वरखाली होत होती, टिक टिक आवाजही येत होता. ती मला दिसली नाही. बावीस खोल्यांतला नळ ठिबकला तर ज्याला कळतं, त्याला हाताच्या अंतरावरचं मशीन दिसलं नाही. मी उठलो, त्यांचे खांदे धरले आणि गदागदा हलवून मिस्त्री, मिस्त्री म्हणून हाका मारल्या.

त्यांनी डोळे उघडले. कुठं आहोत ते त्यांना क्षणभर कळेना. लहान मुलासारखे बघत होते. मग ओळख पटली.

"लागली हुती," ते म्हणाले.

मीच काहीबाही बोलत राहिलो, मला वाटलं की, घाबरलो की. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. थोड्या वेळानं म्हणाले, परत करा. मी परत केलं. अंगठ्यापासून डोक्यापर्यंत, संध्याकाळपर्यंत चार वेळा केलं. दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो, लॉजला रंग अर्धाच झाला. दर वेळी हात हवेत राहिला. गोळ्यांनी त्यांना गुंगी यायची, पण गुंगीतसुद्धा हात वरच. शेवटी देवी उठून सिंहासनावर बसली, घट बसले, आणि मिस्त्री बरे होऊन घरी आले. वाचले, सुटले, असं लोक म्हणाले. त्यांचं वाचणं मला पुरेसं वाटेना.

ते पुढं दीड वर्ष होते. वर्ग घेत होते, मोटरी भरत होते. कधी तरी गच्चीवरून उतरताना, कुणी ऐकत नाही असं बघून, मला म्हणायचे, काय लागली हुती ओ त्या दिशी. तक्रार नव्हती त्यात. एखाद्या लग्नातल्या जेवणाची आठवण काढावी तसं म्हणायचे. मी एकदा हात जोडून माफी मागितली. ते म्हणाले, तुमी तरी काय करनार, तुमच्यात ऑटो हाय. त्यांनी हसतच म्हटलं. मला त्या रात्री गोळी घेऊनही झोप आली नाही.

फाल्गुनात एका दुपारी ते गेले. दुकानात, स्टुलावर, मांडीवर अर्धी भरलेली मोटर. पाठ भिंतीला टेकली होती म्हणे, तेवढंच. समोर एक शेतकरी मोटरीसाठी बसून होता. मिस्त्री मान खाली घालून काम करताहेत असं समजून तो पाऊण तास गप्प बसला, पाटी वाचलेली असल्यामुळं. लोक जमले, हार आला, लातूरहून मुलगी आली. आणि येणारा प्रत्येक जण त्यांच्याकडं बघून एकच वाक्य म्हणत होता: आता निवांत झोपले बघा. तिसऱ्या माणसानं म्हटल्यावर मी त्याच्यावर ओरडलो. ही झोप नव्हती. त्यांची झोप कशी होती ते ह्या जगात एकट्या मला माहीत होतं. मी ती बघितली होती, आणि मोडलीही मीच होती.

वर्ग बंद करायचं कुणी म्हटलं नाही, म्हणून तो चालू राहिला. अंगठ्यापासून डोक्यापर्यंतची वाट मला पाठ, म्हणून मीच चवड्यांवर फिरतो. स्टार्टरचा ऑटो मी काढून टाकलाय. मोटर हातानं सुरू करतो, हातानं बंद करतो. माझा हात मात्र कोण बघणार. आपला हात आपणच उचलून सोडून बघता येत नाही, मी प्रयत्न केलाय. बायको बघते कधी कधी. ती काय म्हणते ते इथं सांगत नाही.

परवा शवासन संपलं. बाकीचे उठून सतरंज्या गुंडाळून गेले आणि कवड्यावाली आजी तशीच राहिली. मी तिचा हात उचलला, तो धपकन पडला. तोंड उघडं, चेहरा अगदी रिकामा. माझा हात तिच्या खांद्याकडं गेलासुद्धा. मग मी तो मागं घेतला आणि आधी पदर बघितला. पदर श्वासाबरोबर हलत होता. खालून तिच्या सुनेनं हाक मारली, माळा मांडायच्यात, आईंना पाठवा. मी कठड्यावरून वाकून सांगितलं, नंतर मिळतील, भांडू नये. तोवर टाकीच्या मागून ऊन सरकत तिच्या तोंडापर्यंत आलं होतं. दोरीवर वाळत घातलेली लॉजची चादर मी ओढून घेतली आणि दोन्ही हातांनी वर धरून, सावली तिच्या डोळ्यांवर राहील असा उभा राहिलो. खाली बेल वाजत होती. ती वाजत राहिली.